टेंगळ्या बोक्याचं पाचवं बोट

गल्लीत त्याला सगळे 'एक्सरे' म्हणत. हाडांच्या दवाखान्यात तो एक्सरे काढायचा, एवढंच त्यामागचं कारण; नाहीतर या माणसाला आरपार काही दिसत असेल, असा संशय कुणालाच नव्हता. वय बावन्न, डोक्यावर केस मोजून मापून, पोट मात्र हातचं न राखता दिलेलं. दिवसभर लोकांना "श्वास रोखा, हलू नका, झालं, सोडा" एवढंच सांगायचं आणि संध्याकाळी घरी येऊन आपला स्वतःचा श्वास सोडायचा.

हा श्वास सोडण्याची जागा म्हणजे मागची खोली.

त्या खोलीत माणसाला बसायला जागा नव्हती. होतं ते सगळं कार्टूनचं. लहानपणी थिएटरात मोठा सिनेमा सुरू होण्याआधी दहा मिनिटांची काळीपांढरी कार्टूनं दाखवत. त्यात एक टेंगळ्या बोका असायचा. दर खेपेला त्याच्या डोक्यात तवा पडायचा आणि दर खेपेला टेंगूळ यायचं. त्याच्या जोडीला भोकाड बदक, जे रडायला लागलं की शेजारच्या तीन घरांची कौलं उडायची. बाकीची मुलं मोठा सिनेमा बघायला जात. हा टेंगूळ बघायला जायचा आणि मोठा सिनेमा सुरू झाला की झोपायचा. पुढे मुलं मोठी झाली, कार्टूनं बंद झाली, थिएटरही बंद पडलं. याचं मात्र काही बंद झालं नाही.

टेंगळ्याचे पत्र्याचे डबे, टेंगळ्याच्या मिशा काटे म्हणून फिरवणारं घड्याळ, चावी दिली की पाय आपटणारी बदकं, बदकाच्या मुंडीची छत्री, मिठाच्या आणि मिरपुडीच्या जोडदाण्या, रुमाल, बटणं, एकाच पायाची सपात (दुसऱ्या पायाची अठरा वर्षं शोधतोय). सगळे मिळून तीनशे बारा नग. शिवाय तो स्वतः काढायचा ते वेगळंच. दवाखान्यातल्या एक्सरेच्या पाकिटांवरसुद्धा कोपऱ्यात पेनानं टेंगळ्या काढून द्यायचा. बरगडी मोडलेल्या एका बाईंना ते बघून इतकं हसू आलं की डॉक्टरांनी त्याला बोलावून लेखी ताकीद दिली. ताकीद दिलेल्या कागदावरही मागून बदक निघालं, असं म्हणतात.

त्याची बायको गाडी शिकवायच्या क्लासात शिकवायची. वीस वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून तिच्या उजव्या पायाला एक सवय लागली होती: समोर काही चुकतंय असं वाटलं की पाय आपोआप ब्रेक दाबायचा. घरात ब्रेक नव्हता, तरी पाय दाबायचाच. एक्सरेच्या संसारात त्या जागेची फरशी चांगलीच गुळगुळीत झाली होती.

एका सोमवारी जेवताना ती म्हणाली, "बाबा येतायत. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तीन जिने चढायचे नाहीत म्हणून सांगितलंय. आता इथेच राहतील."

"येऊ देत की! आपलंच घर आहे त्यांचं."

"मागच्या खोलीत."

एक्सरेनं घास रोखला. हललाही नाही.

"हॉलमध्ये छान हवा येते," तो शेवटी म्हणाला.

"म्हणजे माझा बाप हॉलमध्ये झोपणार आणि तुमचं बदक खोलीत?"

"बदकाचा रंग उडतो उजेडानं."

टेबलाखाली ब्रेक लागला. "अहो, रविवारी खोली रिकामी हवी. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय."

"भंगारवाला!"

"बरं, मग संग्रहालयवाल्याला सांगा. जो आधी येईल तो घेऊन जाईल."

आता सासरेबुवांविषयी थोडं. सासरेबुवा हातमोज्यांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं तपासनीस होते. एकेक हातमोजा लाकडी पंजावर चढवायचा, पाची बोटं चाचपायची, शिवण बघायची आणि खोट दिसली की 'रद्द' असा शिक्का मारायचा. निवृत्त झाले त्या दिवशी कारखान्यानं तो पंजा आणि तो शिक्का दोन्ही त्यांनाच देऊन टाकले, बहुधा सुटकेच्या आनंदात. तेव्हापासून घरात ते काहीही तपासत. आणि कधी काही पास केल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. जावईसुद्धा पंचवीस वर्षं विचाराधीनच होता.

या माणसाला खूश केलं तर खोली वाचेल, असं एक्सरेच्या मनानं घेतलं. खूश कसं करायचं? तर चित्र काढून. तीन संध्याकाळी खपून त्यानं सासरेबुवांचं मोठं रंगीत चित्र काढलं: छाती काढून उभे, मागे कारखान्याची चिमणी, आणि दोन्ही हात वर, हातांत पांढरेशुभ्र हातमोजे. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

गुरुवारी सासरेबुवा चार पायांचा वॉकर टेकत आले. पाणी घेण्याआधीच जावयानं चित्र समोर धरलं.

"अरे वा," सासरेबुवा म्हणाले. बायकोचा उजवा पाय चकित होऊन उचललेला तसाच राहिला. बाबांच्या तोंडून 'वा' तिनं लग्नातही ऐकला नव्हता. "नाक बरोबर आहे. चष्मा बरोबर. चिमणी थोडी डावीकडे हवी, पण चालेल. आणि हे हात..." इथे त्यांचे ओठ नुसते हलू लागले. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

"आठ," ते म्हणाले.

"काय आठ, बाबा?"

"बोटं. माझी दोन बोटं कुठे गेली, जावईबापू?"

एक्सरेनं चित्राकडे पाहिलं. दोन्ही हातमोज्यांना चारचार बोटं होती, गुबगुबीत, गोल, सुरेख. रोज पन्नास हातांची हाडं बघणारा माणूस. पण हातात कुंचला आला की हात आपला चारवरच थांबायचा.

"बाबा, ते... कार्टूनमध्ये चारच असतात. हजारो चित्रं हातानं काढायची म्हणजे एकेक बोट वाचवलं की केवढी मेहनत वाचते! नियमच आहे तो."

"नियम?" सासरेबुवांच्या भुवया चष्म्याच्या वर आल्या. "आमच्या कारखान्यात कुणी असं बोट वाचवलं असतं, तर त्याला मी फाटकाबाहेर काढलं असतं."

"खोली बघा हवी तर. सगळ्यांना चारच आहेत."

सासरेबुवा गप्प झाले. ही गप्प बसण्याची त्यांची पद्धत कारखान्यात प्रसिद्ध होती; तिच्यानंतर कुणाची तरी पाळी असायची. "हे बघा," ते सावकाश म्हणाले, "एका हातमोज्यात बोट कमी आलं, तर तो दोष. पण हजारच्या हजारांत तेच बोट कमी असेल, तर तो दोष नाही, नमुना. नमुन्याला मी हात लावत नाही. तेव्हा आपण तपासू. तुमच्या सगळ्या मालाला चार बोटं निघाली, तर माल खोलीत राहील आणि मी हॉलमध्ये झोपेन. एकाला जरी पाच निघाली..."

"तर भंगारवाला," मुलीनं वाक्य पुरं केलं.

"मंजूर!" एक्सरे आनंदानं ओरडला. आपल्या मालाविषयी त्याला तिळमात्र शंका नव्हती.

शुक्रवारी सकाळी तपासणी सुरू झाली. सासरेबुवांनी खोलीत एक स्टूल मागवलं, बॅगेतून लाकडी पंजा काढून शेजारी ठेवला, शाईचा डबा उघडला. चहा तिथेच, जेवण तिथेच. प्रत्येक डबा, प्रत्येक मीठदाणी पंजाशेजारी धरून बोटं मोजली जात. "नग एक्क्याण्णव, बदक, चार." "बाबा, बदकाला पंख असतात," एक्सरे म्हणाला. "पंखाला चार." मध्येच ते चावीची बदकं चालवूनही बघत. का, तर चालत्या मालाची तपासणी चालवूनच करायची असते. एक बदक त्यांनी सहा वेळा चालवलं.

"बाबा, गुडघा दुखत नाही का?" मुलीनं दारातून विचारलं.

"मध्ये बोलू नकोस, मोजणी चुकते."

ती क्लासला निघून गेली. त्या दिवशी तिच्या विद्यार्थ्याला कारण नसताना नऊ वेळा ब्रेक लागले.

शनिवारी दुपारपर्यंत तीनशे अकरा नग झाले आणि तीनशे अकरांना चारचार बोटं. एक्सरे दवाखान्यात शीळ घालत काम करत होता. एवढ्यात दारात बोट चेंगरलेला एक सुतार आला. एक्सरेनं त्याचा हात पाटीवर ठेवला, "हलू नका" म्हणाला, आणि पडद्यावर पाच बोटांची हाडं पांढरीशुभ्र उमटली. ती बघता बघता त्याची शीळ बंद पडली.

उरलेला नग होता टेंगळ्याचा पुतळा.

कमरेएवढा, प्लास्टरचा. थिएटर बंद पडलं तेव्हा दारातला तो पुतळा फेकून दिलेला त्याला सापडला होता, बावीस वर्षांचा असताना. अख्ख्या संग्रहातला पहिला नग. डावा हात खिशात, उजवा मनगटापासून तुटलेला. एक्सरे तेव्हा दवाखान्यात नवाच लागला होता; त्यानं प्लास्टरच्या खोलीतून उरलेल्या पट्ट्या मागून आणल्या आणि स्वतःचा डावा हात समोर धरून, आरशात बघून, आठवडाभर खपून बोक्याला नवा हात केला. चार बोटांचा नियम त्याला तेव्हा कुठे माहीत होता! नंतर कळला, तेव्हा त्यानं त्या हाताला बदकाच्या मुंडीची छत्री धरायला दिली आणि गोष्ट विसरून गेला.

सुतार म्हणाला, "मोडलंय का हो बोट?"

"मोडायला हवं," एक्सरे म्हणाला आणि पळत सुटला. जाताना प्लास्टरच्या खोलीतून छोटी करवत उचलायला विसरला नाही.

घरी सासरेबुवा हॉलमध्ये घोरत होते. बायको क्लासला. एक्सरे पावलं न वाजवता खोलीत शिरला, बोक्याच्या हातातून छत्री काढली आणि गुडघ्यावर बसला. आता कापायचं कुठलं? करंगळी कापावी, तर तीच सगळ्यांत गोड झाली होती. अनामिका कापावी, तर मध्ये फट दिसेल. अंगठा काढून कसं चालेल, अंगठ्याविना बोका छत्री कशानं धरणार? मधल्या बोटाला त्यानं करवत लावली. बोटाच्या पेरावर त्यानं तेव्हा तीन बारीक सुरकुत्या कोरल्या होत्या. नखाच्या कडेला एक ओरखडासुद्धा होता, त्याच्या स्वतःच्या बोटावर होता तसा. एवढी वर्षं चार बोटांची हजारो चित्रं काढली, पण खराखुरा हात त्यानं आयुष्यात हा एकच केला होता. करवत पुढे सरकेना.

"काय चाललंय?"

दारात वॉकर. वॉकरच्या वर सासरेबुवा.

"न-नखं कापतोय, बाबा. बोक्याची."

"करवतीनं?"

"फार वाढलीयत."

सासरेबुवा एकेक पाय टाकत जवळ आले. एक्सरेनं करवत खाली ठेवली. खोटं बोलायचा त्याला सराव नव्हता आणि जेवढं येत होतं तेवढं नखांवर संपलं होतं. "पाच आहेत," तो म्हणाला. "मोजा. मीच केलाय हा हात. कापायला बसलो होतो, पण होत नाही माझ्याच्यानं. बोलवा भंगारवाल्याला."

सासरेबुवा मोजत बसले नाहीत. त्यांनी बॅग आणायला सांगितली, तिच्यातून कारखान्याचा एक पांढरा हातमोजा काढला आणि बोक्याच्या हातावर चढवला. मनगट ओढलं. बोटांच्या बेचक्या चाचपल्या. अंगठा फिरवून पाहिला. मग उलटा काढला, फुंकर मारली, पुन्हा चढवला. हे बराच वेळ चाललं. एक्सरे श्वास रोखून उभा होता. त्याला 'सोडा' म्हणणारं तिथे कुणी नव्हतं.

"लाकडी पंजा पस्तीस वर्षं वापरला," सासरेबुवा म्हणाले. "त्याच्या अंगठ्यावर हातमोजा कायम चुरगळायचा. यावर चुरगळत नाही. हा हात तुम्ही केलात?"

"हो, बाबा."

"पास."

तेवढ्यात बायको घरी आली. हकीकत ऐकून तिनं आधी फोन हातात घेतला. "म्हणजे एकाला पाच निघाली ना? झालं तर! नमुना मोडला. बाकीचे तीनशे अकरा दोषी."

"शंकाच नाही," सासरेबुवा म्हणाले. "तीनशे अकरा रद्द. एकूण एक."

"मग बोलावते त्या माणसाला. उद्या सकाळी उचलेल."

"उचलेल?" सासरेबुवांनी वॉकर फरशीवर आपटला. "रद्द माल बाहेर जाणार? माझ्या डोळ्यांदेखत? अगं, पस्तीस वर्षांत सदोष एक हातमोजा मी फाटकाबाहेर जाऊ दिला नाही! उद्या कुणी बाजारात नेऊन चांगला म्हणून खपवला, तर नाव कुणाचं जाईल? रद्द माल तपासनीसाच्या ताब्यात राहतो. त्याच्याच खोलीत. त्याच्याच कुलपात."

"पण बाबा, तुम्ही झोपणार कुठे?"

"मालाजवळ. माझी खाट लावा इथे. बदकांची फळी थोडी वर घ्या."

"आणि हा?" तिनं बोक्याकडे बोट दाखवलं. "हा तर पास झालाय ना? मग याला तरी..."

"पास झालेला माल कोठारात ठेवतात होय? दर्शनी जागी लावायचा. हॉलमध्ये, दारासमोर."

तिचा उजवा पाय फरशीवर इतक्या जोरात दाबला गेला की फळीवरची तीन बदकं आपोआप चालू लागली. पण बाबांसमोर तिचं काही चाललं नाही. रविवारी सकाळी कमरेएवढा टेंगळ्या बोका हॉलमध्ये उभा राहिला, हातात नवाकोरा पांढरा हातमोजा. गल्लीतले लोक बघायला आले. त्यांतल्या दोघांनी सवयीनं त्याच्याशी हात मिळवला, आणि आत येणाऱ्या तिसऱ्यानं त्याला आपला कोट दिला.

एक्सरेची खोली वाचली, पण तिच्यात शिरायची वेळ आता सासरेबुवा ठरवतात. संध्याकाळी पाच ते सहा. दारावर टकटक करायची, काय बघायचं ते सांगायचं. पहिल्याच दिवशी एक्सरेनं टकटक केली आणि दाराला कान लावला. नुसती चावी फिरवल्याची करकर आणि चिमुकले पाय आपटल्याचा आवाज.

"कोण आहे?" सासरेबुवा ओरडले. "थांबा जरा! मोठं बदक पलंगाखाली गेलंय. मी वाकू शकत नाही. या आत, आणि पालथे पडा."

एक्सरे आत गेला आणि पालथा पडला.