सासूबाईंचं मत

परवा मत देऊन आले आणि बोटावरच्या शाईच्या वासाने घाटंजीजवळच्या आमच्या गावची शाळा आठवली. साठच्या दशकातली विधानसभेची निवडणूक; माझे सासरे उभे होते आणि गावातली प्रत्येक भिंत गेरूने लिहिलेल्या त्यांच्या नावाने लाल झाली होती. शाळेच्या सारवलेल्या वर्गात सासूबाई टेबलापाशी गेल्या, मी त्यांच्या मागे. बाहेरगावचा अधिकारी म्हणाला, "बाई, यादीत या नावाच्या दोघी आहेत. मालकाचं नाव सांगा." सासूबाईंनी पदर पुढे ओढला. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात कधी घेतलं नव्हतं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली सून, पण सासऱ्यांचं नाव माझ्याही तोंडून निघेना. मतदार ओळखायला बसवलेला आमचा प्रतिनिधी नेमका चहाला गेलेला. "नाव सांगितल्याशिवाय मत देता येणार नाही," म्हणत अधिकाऱ्याने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. तेव्हा विरोधी उमेदवाराचा प्रतिनिधी, गावातला शिंपी, उठून उभा राहिला. "थांबा साहेब! महिनाभर भोंग्यावरून त्याच नावाले शिव्या देऊन राह्यलो मी. माह्याइतकं पाठ कोनाले असन?" त्याने सासऱ्यांचं पूर्ण नाव 'जी' लावून सांगितलं आणि म्हणाला, "जा काकू, पाडा आता आमाले!" सगळी रांग हसली. मत देऊन बाहेर आल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, "हा उभा असता तं मी यालेच मत देलं असतं वं." तो कधीच उभा राहिला नाही. त्याचे आभार मानायचं माझ्याकडून राहूनच गेलं, बाळांनो. म्हणून निदान तुम्हाला तरी तो माहीत असावा.