घेरदार

डेपोत त्याला सगळे घेरदार म्हणत. नाव ठेवलं टायरवाल्याने, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. त्याआधी तो नुसता ड्रायव्हर होता. इतका नुसता, की रजेवरून परत आला तरी तो रजेवर गेला होता हे कुणाच्या लक्षात यायचं नाही.

एका दुपारी चढावर त्याची बस तापली. प्रवासी उतरून सावलीला उभे राहिले आणि घाई करू लागले. त्यानेही घाई केली. फडक्याने रेडिएटरचं झाकण फिरवलं, आणि उकळतं पाणी उसळून त्याच्या दोन्ही मांड्यांवर आलं.

दवाखान्यातून घरी आला तेव्हा जखमा भरत आल्या होत्या, पण नवी कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होती. पँटची शिवण जरा घासली की सोलवटायची. तो चादर गुंडाळून खिडकीपाशी बसून राही. त्याची थोरली बहीण पडदे आणि गाद्यांची कव्हरं शिवायची. ती बघायला आली, आणि चादरीचं टोक चिमटीत धरून म्हणाली, "हे काय सोंग? मी तुला घेर शिवते."

"म्हणजे परकर?"

"परकर आत घालतात. हा बाहेर घालायचा. आणि तोंड पाडू नकोस, कापड तुमच्या युनिफॉर्मचंच घेते."

पहिला घेर फसला. चुण्या मागे होत्या. सीटवर बसलं की त्यांचा गोळा व्हायचा. दुसऱ्यात ताईने पुढचं-मागचं सपाट ठेवलं आणि चुण्या दोन्ही बाजूंना घातल्या. लांबी गुडघ्याच्या खाली, म्हणजे क्लच दाबताना पाय उघडा पडायला नको. खालच्या दुमडीत पडद्याला लावतात ती बारीक वजनं शिवली, वारा आला तरी घेर जागचा हलायचा नाही. उजव्या बाजूला खोल खिसा. गुडघ्यापर्यंत जाड मोजे, खाली कामाचे बूट, वर शर्ट खोचून रुंद पट्टा. "शर्ट बाहेर सोडलास तर पोत्यासारखा दिसशील," तिने बजावलं. "आणि चालताना लहान पावलं टाकू नकोस. लाजलास की लोक हसतात."

डेपो मॅनेजरने डॉक्टरची चिठ्ठी बघितली, घेर बघितला, आणि पुन्हा चिठ्ठीत डोकं घातलं. "बरं होईपर्यंत घाला," तो म्हणाला.

हसणारे हसले. पण हसण्याचा त्याला इतका शीण झाला नाही, जितका विचारण्याचा झाला. दर थांब्यावर कुणीतरी केबिनमध्ये डोकावून विचारायचं, हे काय? मग तो सांगायचा, की पाणी उडालं, भाजलं, कातडी नाजूक आहे. विचारणारा "अरेरे" करायचा आणि समाधानाने जागेवर जाऊन बसायचा. स्वतःच्या मांड्यांची कथा अनोळखी माणसांना सांगून सांगून त्याला ती कुण्या दुसऱ्याचीच वाटायला लागली होती. घरी आला की तो बोलायचाच नाही. बायको म्हणायची, "सांगायला कारण आहे ना? मग झालं तर."

पुढे कारणही संपलं. डॉक्टरने मांड्या दाबून बघितल्या आणि म्हणाला, "उत्तम. आता खुशाल पँट घाला."

घरी येऊन त्याने कपाटातली जुनी पँट काढून चढवली. कुठे घासलं नाही, दुखलं नाही. स्वयंपाकघरातून बाल्कनीपर्यंत चालून बघितलं. मग परत आत गेला, पँट उतरवली आणि घेर नेसून बाहेर आला.

बायको भाजी निवडत होती. "दुखलं का?"

"नाही."

"मग?"

"हाच बरा वाटतो."

तिचा हात थांबला. मग म्हणाली, "दुखतं म्हणा ना. मला बाहेर सांगायला बरं पडेल."

मॅनेजरनेही जवळपास तेच सुचवलं. माणूस वाईट नव्हता. चष्मा काढून त्याने डोळे चोळले. "अजून दुखतं एवढंच म्हणा. मी डॉक्टरकडून दुसरी चिठ्ठी मागणार नाही. पण नुसतं आवडतं म्हणून घालतो म्हणालात, तर उद्या मला वरून विचारणा होईल."

घेरदार खुर्चीवर बसून होता. हो म्हणणं सोपं होतं, आणि तो थकलेला होता. पण हो म्हटलं की ती रेडिएटरची कथा पुन्हा रोज सांगायची, आणि आता तर खोटी. "साहेब," तो म्हणाला, "ते आता नाही जमणार."

"मग प्रवाशांसमोर ठेवता येणार नाही तुम्हाला."

"नका ठेवू."

अशा रीतीने त्याचा रस्ता सुटला. त्याला डेपोच्या आवारात काम मिळालं. आलेल्या बस धुवायला लावायच्या, धुतलेल्या रांगेत उभ्या करायच्या, सकाळी जाणारी पुढे काढून ठेवायची. दिवसभर गाडी चालवायची आणि कुठेही जायचं नाही. बेकरीपाशी वळताना येणारा वास, चढ संपला की खाली दिसणारं सगळं शहर, हे सगळं त्याने एका कपड्यापायी घालवलं असं बायकोचे भाऊ म्हणाले. त्याने वाद घातला नाही. तसं ते खरंच होतं.

एकदा वर्तमानपत्रातली एक मुलगी आली. तिला त्याच्या लढ्याबद्दल लिहायचं होतं. "लढा बिढा काही नाही," तो पाण्याचा पाइप गुंडाळत म्हणाला. "मला फक्त घालायचाय." ती आणखी काही विचारणार तेवढ्यात मागून बस आली, आणि तो तिला बाजूला व्हा म्हणाला.

ताई मात्र हळहळली. "मी शिवलाच नसता तर बरं झालं असतं."

"आता पुढचा जरा जाड कापडाचा शिव," तो म्हणाला. "आवारात पाणी फार उडतं."

टायरवाला एका उकाड्याच्या दुपारी त्याच्याशेजारी येऊन बसला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "आत वारा लागतो का रे?"

"लागतो."

"हं," टायरवाला म्हणाला, कपाळावरचा घाम पुसून उठला आणि आपल्या पँटमध्ये कामाला निघून गेला.

हळूहळू लोकांनी विचारणं सोडलं. त्यांना पटलं होतं असं नाही. तेही कंटाळले असावेत. घेरदारला तेवढं पुरे होतं.

बायको मात्र आपला कंटाळा बोलून दाखवी. धुतलेला जाड घेर टेबलावर पसरायची, एकेक चुणी बोटांनी सरळ करायची आणि इस्त्री फिरवायची. एका संध्याकाळी तिने मधेच इस्त्री उभी केली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमच्या बहिणीला सांगा, पुढच्या वेळी चुण्या कमी घाल म्हणावं. माझा खांदा भरून येतो."

तो उठला. "सरक, मी करतो."

"राहू द्या. तुम्ही रेघा दुहेरी पाडता," ती म्हणाली, आणि तिने पुढची चुणी ओढून घेतली.