दंडाची शिवण

सकाळी धुकं इतकं दाट होतं, की समोरच्या घराची भिंतही दिसेना. टेपमावशीनं दिवा लावून सुईत दोरा ओवला. सगळा जन्म शिलाई मशीनवर गेलेला. गल्लीतल्या यच्चयावत बायांच्या कमरा तिला तोंडपाठ. स्वतःच्या अंगाला टेप लावायची पाळी मात्र आत्ता आली. ब्लाउज कमरेत ढगळ झाला होता आणि दंडात रुतत होता.

ही करणी दवाखान्यातल्या व्यायामवर्गाची. वर्ग साठीपुढच्या बायांचा. मुलानंच नाव घातलं होतं. म्हणाला, "आई, जरा स्वतःकडे बघ." तेवढ्यावर मावशी हरखली. नवरा अंथरुणाला खिळल्यापासून तिच्याकडे बघितलं होतं कुणी? त्याला उठवायला-बसवायला एक बाई यायची. ती आली, की मावशी वर्गाला पळायची. डंबेल उचलायची, खुर्चीवरून हात न टेकता उठायची, पोरीसोरींसारखी खिदळायची.

आज वर्गात शेवटची मोजणी झाली. वजन होतं तेवढंच.

"एवढा घाम गाळून काय पदरात पडलं गं बये?" शेजारची म्हातारी फिसकन हसली.

"पडलं ना!" शिकवणारी पोरगी म्हणाली. "मावशी, चरबी गेली आणि तेवढाच स्नायू आला. या वयात! सोडू नका हं, पुढच्या वर्गालाही या."

घरी येऊन मावशीनं हे सगळं साभिनय सांगितलं. दंड फुगवूनसुद्धा दाखवला. मुलानं बायकोकडे बघितलं.

"बरं झालं. मग उद्यापासून त्या बाईला नको म्हणतो. बाबांना आता तू एकटी उचलशील."

"आणि माझा वर्ग?"

"आता कशाला? आली की ताकद."

"घरबसल्या व्यायाम होईल, आई," सून म्हणाली. "बाबा काय डंबेलपेक्षा हलके आहेत?"

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे ते 'स्वतःकडे बघ' यासाठी होतं तर.

आतून नवरा खेकसला, "मेलात काय सगळे? उठवा मला!"

मावशी आत गेली. शिकवल्याप्रमाणे गुडघे वाकवले, पाठ ताठ ठेवली, श्वास सोडत त्याला उचललं. मेला अलगद वर आला. थोडा तरी जड लागायचा होता!

"बाईपेक्षा बरं जमतंय तुला," तो म्हणाला.

त्याच्या पाठीशी उशी कोंबून ती मशीनपाशी आली. ब्लाउज उलटा केला आणि दंडाची शिवण उसवायला घेतली.