फोटोसाठी अंथरलेली घोंगडी

"ओ बाबा, डोकं काय टेकवताय? फोटोसाठी हाय ते!"

मॅनेजर काउंटरवरूनच ओरडला आणि हॉटेलात जेवणारी माणसं हसली. सगळी नाही. पण जी हसली ती अगदी मोकळेपणानं हसली. माझे वडील गुडघ्यावर होते. कपाळाला हळद लागलेली. डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. लहान पोराचं काही चुकलं की ते आईकडं बघतं, तसं.

आम्ही मेंढपाळ. गाव लिंबागणेशच्या पुढं. वडलांना आम्ही आण्णा म्हणतो. त्यांची उभी हयात मेंढरांमागं गेली. मी बीडला एका लॅबमध्ये रक्त तपासते. त्या दिवशी आण्णांचा डोळा डॉक्टरला दाखवायचा होता. डॉक्टरनं लांबून बोटं दाखवली, आण्णांनी बरोबर सांगितली. "डोळा ठणठणीत आहे, आता सगळं खा," डॉक्टर म्हणाले. आण्णा खूश. मी म्हणाले, चला, आज बाहेर जेवू. आई मेंढरांजवळ थांबली होती. दोघांनी मिळून कुठं जायचं, असं आमच्यात कधी होतच नाही.

बाजारपेठेतलं हॉटेल. नवीन. लॅबमधल्या मुलींनी नाव सांगितलं होतं. एकदम गावाकडचं वातावरण आहे म्हणे. मला हसू आलं होतं. गावाकडून आलेल्या माणसाला गावाकडचं वातावरण दाखवायला मी निघाले होते.

आत शिरलं की डाव्या हाताला एक कट्टा. कट्ट्यावर काळी घोंगडी अंथरलेली. तिच्यावर ढोल, काठी, पितळेचा तांब्या, आणि सगळीकडं हळद उधळलेली. आमच्यात देव असाच मांडतात. बिरोबाला घोंगडीवर बसवतात, हळदीचा भंडारा उधळतात. घोंगडीवर बसलेला माणूस खोटं बोलत नाही, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. चपलेचा पाय तर तिला लागूच देत नाहीत. आण्णांनी दारातच वहाणा काढल्या. भंडारा कपाळाला लावला. डोकं टेकवलं. त्यांच्या जागी आई असती, माझा चुलता असता, तरी हेच केलं असतं.

मी त्यांना हाताला धरून उठवलं. त्यांनी हळूच विचारलं, "मग द्येव कुठंय?"

"द्येव न्हाई हितं, आण्णा."

"द्येव न्हाई तर घोंगडी कावून आंथरली?"

बाजूच्या टेबलावरचा एक जण मोबाइल धरून सगळं शूट करत होता. "आजून एकदा टेका की, बाबा," तो म्हणाला. पुन्हा हसणं.

एसी हॉल अर्धा रिकामा होता. वेटरनं आण्णांच्या पटक्याकडं बघितलं, धोतराकडं बघितलं आणि म्हणाला, "हॉल बुक हाय." आम्हाला बेसिनजवळचं टेबल मिळालं. माणसं येत होती, खाकरत होती, चूळ भरत होती. आमच्यामागून आलेली चौघं सरळ हॉलमध्ये गेली. त्यांना कुणी काही बोललं नाही. मी बघत होते. आण्णाही बघत होते, पण ते म्हणाले, "हितं बरंय, वारं लागतंय." वारं कसलं, डोक्यावरचा पंखासुद्धा बंद होता.

ताटं आली. भाकरी गरम होती, हे खरं सांगायला पाहिजे. आण्णांनी दोन घास खाल्ले असतील. तेवढ्यात एक कुटुंब आलं आणि फोटोसाठी कट्ट्यावर चढलं. नवरा, बायको, दोन पोरं. बुटांसकट. नवऱ्यानं ढोल गळ्यात अडकवला आणि घोंगडीवर पाय आपटून नाचल्यासारखं केलं. आण्णांचा हात ताटातच थांबला.

"त्येंला सांग की बाई. पाय काढा म्हनावं."

मी उठणार, तोच मॅनेजर टेबलाशी आला. आता त्याचा आवाज अगदी साखरेत घोळलेला.

"मॅडम, बाबांचा गेटअप लई भारी हाय. एकदम ओरिजिनल. तासभर कट्ट्यावर बसू द्या त्यांना. गिऱ्हाइकं खूश होतात. तुमचं बिल मी घेत न्हाई."

गेटअप. हा मॅनेजर जन्माला यायच्या आधीपासून माझ्या बापाच्या डोक्याला तो पटका आहे.

मी तोंड उघडायच्या आत आण्णा उठले. हात धोतराला पुसला.

"बसतो की. आपलं काय जातंय? तुजं पैसं वाचतील."

मॅनेजरचं बोलणं मी सहन केलं असतं. हे नाही झालं. कारण मला माहीत होतं आण्णा का उठले. रानाच्या मालकानं जागा दाखवावी आणि आण्णांनी तिथं बिऱ्हाड टाकावं. उकिरड्याशेजारी म्हटलं तर उकिरड्याशेजारी. एकदा एका कोकरानं कुणाचं हरभऱ्याचं टहाळ खाल्लं, तर त्या माणसानं आण्णांच्या थोबाडीत मारली होती. मी आईच्या लुगड्याला धरून उभी होते. आण्णा म्हणाले होते, "चुकलं मालक." हॉटेलातही ते तसेच उठले. कुणी जागा दाखवली की तिथं जायचं.

मी त्यांचं मनगट धरलं.

"आण्णा, खाली बसा."

"आगं..."

"बसा म्हनलं ना!"

आयुष्यात पहिल्यांदा मी बापावर आवाज चढवला. ते बसले. मी कट्ट्यापाशी गेले.

"पाय काढा."

ढोल अडकवलेला माणूस म्हणाला, "ओ ताई, हॉटेलचं हाय ते. तुमाला काय करायचंय?"

"हॉटेलचं असंल. पाय काढा."

तो उतरला. बायकोकडं बघत उतरला, डोक्यावर परिणाम झालेल्या बाईशी कोण भांडणार अशा थाटात. मी घोंगडी ओढली. काठी पडली, तांब्या घरंगळला, हळद माझ्या ड्रेसभर उडाली. मॅनेजर धावत आला. "ओ मॅडम, डेकोरेशनला हात लावू नका!" मी घोंगडी झटकली. आई घालते तशी घडी घातली. काउंटरवर ठेवली.

"ही अंगावर घ्यायची असती, न्हाई तर द्येवाला. परत आंथरायची आसंल तर बूट काढायला सांगायचं."

या वेळी कुणी हसलं नाही. सगळ्यांनी माना ताटात घातल्या. मी बिल दिलं आणि आण्णांना घेऊन निघाले. दारात त्यांची एक वहाण सापडेना. कुणीतरी लाथेनं कुंडीमागं सारली होती.

"उगं भांडलीस, बाई. चारचौघांत," आण्णा म्हणाले. बिऱ्हाडावर गेल्यावर आईला म्हणाले, "जेवान झ्याक हुतं." कपाळाची हळद आईनं बघितली आणि विचारलं, तेव्हा म्हणाले, "डोळ्याला आजून नीट दिसंना. म्हनून चुकलं."

हॉटेलात मी रडले नव्हते. हे ऐकून पालाच्या मागं जाऊन रडले. ठणठणीत डोळ्यावर आळ घेतला माझ्या बापानं, पण ती माणसं चुकली असं म्हणाला नाही.

तो व्हिडिओ बीडभर फिरला. खाली हसणारी तोंडं. लॅबमधल्या मुलीनं मलाच दाखवला, तिला माहीत नव्हतं. मग मी मोबाइलवर त्या हॉटेलच्या नावाखाली जिथं गिऱ्हाइकं आपापले अनुभव लिहितात, ती जागा उघडली. सगळं छान छान. मस्त फील, झक्कास मटण, एकदा जरूर या. मी माझं पूर्ण नाव घालून लिहिलं, वडलांचं नाव आणि आडनावासकट. "भाकरी गरम होती. रस्सा बरा होता. हॉल रिकामा असताना आम्हाला बेसिनजवळ बसवलं. ज्या घोंगडीवर आम्ही देव मांडतो, तिच्यावर इथं बूट घालून फोटो काढतात. माझ्या वडलांनी देव समजून डोकं टेकवलं, तेव्हा तुम्ही हसलात. चूक त्यांची नव्हती."

त्याखाली इतरांनी लिहायला सुरुवात केली. कड्याचा एक जण, मांजरसुंब्याचा एक जण. आमच्यासारखीच मेंढपाळांची पोरं. कुणाच्या आईला, कुणाच्या आज्याला, कुठं कुठं काय झालं ते.

मग फोन आला. हॉटेलवाल्याचा नाही, आण्णांचा. ते बापूंच्या ओसरीवर होते. बापू म्हणजे आमच्या गावचे पुढारी. हॉटेल त्यांच्या मेव्हण्याचं, हे मला तेव्हा कळलं. आणि मेंढरं बसलेली बापूंच्याच रानात.

"काढ बाई त्ये लिवल्यालं. न्हाई तर मेंढरं उठवा म्हनत्यात बापू."

मागून बापूंचा आवाज आला. "पोरी, हाटेलातलं भांडान हाटेलातच ठिवावं. बोट लावायचंय निस्तं. जातंय पुसून."

माझा बाप तिथं कसा उभा असेल ते मला न बघता दिसत होतं.

"न्हाई पुसनार, बापू."

त्याच दिवशी बिऱ्हाड हललं. आईचा फोन आला, "आमी निगालोत. कुटं जायाचं ते आजून ठरंना. तू जेवली का?" तिनं मला एक शब्द लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

आण्णा माझ्याशी बोलत नाहीत. फोन आईच घेते. मी लिहिलं आणि ते दोघं वाटेला लागले, हे मला कळतं. पण त्यांनी मान खाली घातली ती मागं मेंढरं होती म्हणून, पदरात मी होते म्हणून. मला त्यांनी शिकवलं, स्वतःच्या पायावर उभं केलं. माझी भाकरी कुणाच्या रानातून येत नाही. मग त्यांना जे कधी म्हणता आलं नाही, ते मीच म्हणायचं.

बापूंची माणसं लॅबपर्यंत येऊन गेली. हॉटेलवाल्यानं माफीबिफी काही मागितली नाही, घरच्यांना घेऊन या, मोफत जेवा, असा निरोप तेवढा पाठवला. मी नाही म्हणून सांगितलं. मी लिहिलंय ते तिथंच राहील. माझ्या नावासकट, आण्णांच्या नावासकट. बापू आले तरी काढणार नाही. आण्णांनी सांगितलं तरी नाही.