ड्राइव्हवरून घ्या

सानपाड्याच्या आमच्या ऑफिसात एका कॉलेजच्या प्रवेशाच्या वेबसाइटचं काम चालू होतं. कागद अपलोड करायच्या पानावर मी एक नवं बटण बसवलं, ‘ड्राइव्हवरून घ्या’. गुणपत्रिका आधी फोनमध्ये उतरवायची कटकट नको, मुलांना ती थेट फॉर्मला जोडता यावी. मी ऑफिसातल्या आमच्या सरांना म्हटलं, निवडलेल्या फाईलची प्रत आपल्याकडे आणून ठेवूया.

"कशाला डोक्याला ताप? नुसती लिंक ठेव. फाईल काय पळून जातेय?"

"सर, लोक डिलीट करतात."

"कोण करतं गं? उगाच टेन्शन घेऊ नकोस."

कोण करतं! या माणसाने आमच्यासारख्यांचं घर कधी आतून पाहिलं असतं तर विचारलं नसतं. खांदेश्वरला आमच्या घरात चौघांत मिळून ड्राइव्हचं एकच अकाउंट. बाबांनी पहिला फोन घेतला तेव्हा उघडलेलं, पुढे प्रत्येकाच्या फोनमध्ये तेच घातलं. त्यात सोसायटीच्या नोटिसा, गावच्या लग्नांचे व्हिडिओ, सुप्रभातची फुलं आणि धाकट्या बहिणीची गुणपत्रिका. जागा भरली की बाबा चष्मा लावून साफसफाईला बसतात.

धाकटीला नर्सिंगला जायचं होतं, त्याच कॉलेजात. तिने कौतुकाने माझंच बटण दाबलं. फॉर्म गेला. आता काम झालं म्हणून बाबांनी ड्राइव्हवरची गुणपत्रिका काढून टाकली, वर कचरापेटीही रिकामी केली. कॉलेजने फॉर्म तपासायला घेतला तेव्हा लिंक उघडेना. फॉर्म बाद. मूळ गुणपत्रिका घेऊन आम्ही दोघी धावत गेलो, तर मुदत संपली म्हणून खिडकीवरूनच परत पाठवलं.

मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन भांडले. लॅपटॉपवरून मानही वर न करता ते म्हणाले, "घरच्यांना समजावून सांग ना, डिलीट करू नका म्हणून." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता फाईलची प्रत ठेवली जाते, पण ते होईपर्यंत माझ्या बहिणीचं वर्ष गेलं.

बाबांना कितीदा सांगितलं, चूक तुमची नाही. त्यांना ते पटत नाही. हल्ली सुप्रभातचं फूल काढायचं असलं तरी ते आधी फोन धाकटीपुढे धरतात.

"बाळा, हे काढू का? तुझं काय नाय ना यात?"

"काढा, बाबा," ती म्हणते. ते ऐकलं की मला पुन्हा त्या केबिनमध्ये जाऊन भांडावंसं वाटतं.