चिंचोका सापडला का?

सुलाबाईला लाज नावाची गोष्ट ठाऊक नव्हती, हे मी आधीच सांगून टाकते. पुढचा सगळा घोळ त्यावरूनच झाला आहे.

पिंपळगाव बसवंतजवळच्या आमच्या गावात द्राक्षबागेत काम करणाऱ्या एकोणीस बायांची तिची टोळी होती. भल्याभल्या बागायतदारांना ती तोंडावर सुनवायची. चहा पातळ आला तर कप बांधावर ओतून म्हणायची, "शेठ, हे पाणी वेलींना घाला, आम्हाला चहा द्या." पन्नाशीला आलेली, काळीसावळी, अंगानं थोराड. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्या दोघींची भिंत एक. मी तिला मावशी म्हणायचे. ती मला अंजे म्हणायची, आणि माझ्या नवऱ्यादेखत माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची.

मी गावची आशा कार्यकर्ती. गरोदर बायांची नोंद, लेकरांचे डोस, आणि वरून जे काय येईल ते. तीन वर्षांपूर्वी नाशिकला आम्हाला स्तनांची तपासणी शिकवली. तिथे रबराचा एक नमुना होता, आत गाठ असलेला. तो काही आम्हाला मिळाला नाही. मग मी घरीच जुन्या उशीचा कापूस ब्लाउजपीसमध्ये भरला, आत एक चिंचोका ठेवला आणि शिवून टाकलं. पौर्णिमेची वंदना झाल्यावर विहाराच्या ओट्यावर बायांना बसवलं. बाया तोंडाला पदर लावून नुसत्या खिदळत होत्या. सुलामावशीनं ती उशी ओढून घेतली, तीन बोटांनी गोल गोल दाबली आणि ओरडली, "घावला! अंजे, एवढ्या ढिगात एकच चिंचोका? लय कंजूस तू."

तेव्हापासून ते तिचंच काम झालं. दर पौर्णिमेला वंदना संपली की ती एकेकीला विचारायची, "चिंचोका सापडला का गं?" बागेत जेवायला बसल्यावरही विचारायची, मालक समोर असला तरी. तो बिचारा मान खाली घालून निघून जायचा. माझ्या रजिस्टरात तपासणी केलेल्या बायांचा आकडा तालुक्यात सगळ्यांत मोठा होता. माझा सत्कार झाला. तो आकडा खरं तर मावशीचा होता, पण शाल मी घेतली.

ऑक्टोबरात द्राक्षांची छाटणी झाली की काडीवरचे डोळे फुटून कोंब यावेत म्हणून काडीकाडीला औषध लावतात. त्याला सगळे पेस्टच म्हणतात. कुठल्या काडीला लावलं ते कळावं म्हणून त्यात लाल रंग घालतात. हात वर करून लावायचं, त्यामुळे ते कोपरावरून ओघळत काखेत, छातीवर उतरतं. ब्लाउज लाल होतात, कातडी चुरचुरते, पुरळ उठतं. त्या महिन्यात एकोणीसच्या एकोणीस बायांची छाती लाल असते. त्याचं कुणाला काही वाटत नाही.

गेल्या वर्षी त्याच दिवसांत मावशी माझ्या स्वयंपाकघरात आली आणि दार लोटून म्हणाली, "हे बघ गं. डावीकडं पेस्ट जास्तच उठलीय."

मी पाहिलं. डावा स्तन लाल, जरा सुजलेला, हाताला गरम. मी शिकवल्याप्रमाणे तीन बोटांनी सगळीकडे दाबून पाहिलं, काखेतही पाहिलं. मग ऐटीत म्हणाले, "गाठ नाही. म्हणजे काळजी नाही. पेस्टच आहे. मेडिकलमधून मलम आण आणि कडुलिंबाच्या पाण्यानं धू."

"चिंचोका नाय ना?"

"नाही."

"मग झालं तर," म्हणत ती माझ्या भाजीत मीठ कमी असल्याचं सांगून गेली.

तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली. पेस्टचं काम कधीच संपलं होतं. बाकीच्या बायांची कातडी निवळली होती, हिची लाली मात्र पसरली होती. मी पुन्हा दाबून पाहिलं. पुन्हा गाठ नाही. मी दुसरं मलम सांगितलं. काम संपलं तरी हिचीच लाली का जात नाही, हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. मला गाठ शोधायला शिकवलं होतं आणि मी गाठच शोधत राहिले. आज स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

डिसेंबरात तिनं ब्लाउज काढला तेव्हा मी बोटं लावलीच नाहीत. कातडी मोसंबीच्या सालीसारखी जाड आणि खड्ड्याखड्ड्यांची झाली होती. बोंड आत ओढलं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी नाशिकला गेलो.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. कातडीचा तुकडा काढून तपासायला पाठवायचा म्हणाल्या. मग पेन हातात घेऊन विचारलं, "हे कधीपासून आहे?"

"दोन-अडीच महिने झाले," मावशी म्हणाली.

"आणि इतके दिवस कोणालाच दाखवलं नाही?"

मी तोंड उघडलं. पण मावशीनं टेबलाखालून माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली.

"नाय दाखवलं," ती म्हणाली. "लाज वाटली."

डॉक्टरबाईंनी ते कागदावर लिहिलं. मग आमच्याकडे पाहून चिडून म्हणाल्या, "अहो, लाजेपायी जीव घालवता तुम्ही बायका!" मावशी मान खाली घालून बसली. तिची मान खाली गेलेली मी जन्मात पाहिली नव्हती. आणि मी गप्प राहिले. मनगट तर तिनं केव्हाच सोडलं होतं.

परतताना नाशिकच्या द्वारका चौकात गाडीची वाट बघत उभ्या होतो. मी विचारलं, "मावशी, खोटं का बोललीस?"

"गप गं. भूक लागलीय. चुरमुऱ्याचा भत्ता घे दोन पुड्या."

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. डॉक्टरबाईंनी नीट समजावून सांगितलं. हा स्तनाच्या कर्करोगाचा दुर्मिळ प्रकार, तो कर्करोग झालेल्या शंभरांतल्या दोन-चार बायांना होणारा. यात बहुतेक वेळा गाठ हाताला लागतच नाही. कर्करोगाच्या पेशी कातडीतल्या बारीक वाहिन्या बंद करतात, म्हणून सूज आणि लाली येते. जंतुसंसर्ग झाल्यासारखं दिसतं, म्हणून फसायला होतं. आठ-दहा दिवसांत लाली हटली नाही तर थांबायचं नसतं, कारण हा फार लवकर पसरतो. आधी सलाइनमधून केमो, मग ऑपरेशन, मग किरणांचा शेक.

"म्हंजे चिंचोका नसतोच?" मावशीनं विचारलं.

डॉक्टरबाईंना काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडले.

पहिल्या चार केमोनंतर लाली ओसरली. केस गेले, पण तोंड तेवढंच चालू होतं. मला वाटलं, सुटलो. ऑपरेशनच्या आधी पुन्हा स्कॅन केला, तर यकृतात डाग निघाले. आता ऑपरेशनचा उपयोग नाही, औषधं बदलून बघू, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. औषधं बदलली. मी तिला नेत होते, आणत होते, कागद सांभाळत होते. याशिवाय मला काहीही करता येत नव्हतं. आषाढात विहारात वर्षावास सुरू झाला आणि मावशी गेली.

पुण्यानुमोदनाला विहारात गाव जमलं होतं. शाळेतले महेश गुरुजी बोलायला उठले. म्हणाले, "सुलाबाई धीट होत्या, पण शेवटी लाजल्या. वेळेवर दाखवलं असतं तर आज आपल्यात असत्या." बाया माना डोलवत होत्या. माझ्या पर्यवेक्षक बाई तर म्हणाल्या, हे उदाहरण आपण प्रत्येक गावात सांगू.

मला ते सहन होईना. जिनं आख्ख्या गावाची लाज मोडली, तिच्या नावावर लाज लागणार? मी उठले. "मावशी लाजली नव्हती," मी म्हणाले. "तिनं सगळ्यांत आधी मला दाखवलं होतं. मीच म्हणाले, गाठ नाही, काळजी नाही. दोनदा म्हणाले. चूक माझी आहे." लाली हटली नाही तर थांबू नका, गाठीची वाट बघू नका, हेही सांगितलं. पण तोवर बाया एकमेकींकडे बघायला लागल्या होत्या.

लोक पांगल्यावर मावशीची लेक राखी जवळ आली. ती रागावेल असं वाटलं होतं. उलट ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "वहिनी, हे कशाला बोलल्या तुम्ही? मला सगळं ठाऊक व्हतं. आईनं सांगितलं व्हतं मला."

"मग?"

"ती म्हणली, माझं काय व्हायचं ते व्हईल, पण अंजीचं नाव कुठं घेऊ नको. नायतर बाया तिला दाखवायच्या बंद व्हतील. आणि आपल्या बायांना अंजीशिवाय हाय कोण?"

त्यानंतर तीन पौर्णिमा झाल्या. वंदना झाल्यावर मी ओट्यावर बसते. चिंचोक्याच्या उशीबरोबर मी आता मोसंबीची साल आणते. आधी वीस-पंचवीस बाया थांबायच्या, आता वंदना झाली की सगळ्या घाईनं चपला घालतात. कुणी वाकडं बोलत नाही, सगळ्या जयभीम घालतात.

सध्या छाटणी चालू आहे. टोळी आता राखी चालवते. रोज संध्याकाळी एकोणीस जणी माझ्या दारावरून घरी जातात. सगळ्यांचे ब्लाउज लाल असतात. मी दार उघडं ठेवून बसते. या छाटणीला अजून एकही बाई आत आलेली नाही.