गावाचं नाव काढा

आमचं अनियतकालिक हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावातून निघायचं आणि हिंगोलीच्या एका छोट्या छापखान्यात छापलं जायचं. नव्वदीची ती वर्षं. संपादक म्हणून मी भलताच कडक होतो. कुणी मजकुरातला एक शब्द इकडचा तिकडे केला तरी माझा पारा चढायचा.

एका अंकासाठी शेजारच्या खेड्यातल्या अंगणवाडीताईनं लेख दिला. गावच्या नव्या टाकीचं पाणी बौद्ध वस्तीपर्यंत येत नाही, एवढंच तिनं साधेपणानं लिहिलं होतं, गावाचं आणि स्वतःचं नाव घालून. गावच्या पुढाऱ्याच्या कानावर ते गेलं आणि छापखान्यात फोन आला. मालक मला म्हणाले, "मला तकलीफ नका देऊ, सर. गावाचं नाव काढा, बाकी बराबर छापतो."

नोकरी जाईल ही भीती ताईला होतीच. तरी ती म्हणाली, "नाव काहून काढू? नळ तर तिथंच कोरडा हाय."

अंक लेखाविना निघाला. संतापानं मी तो कुणाला हौसेनं दाखवलाही नाही.

तेव्हा बौद्धांचा पावसाळ्यातला वर्षावास चालू होता. ताईच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन व्हायचं. एके दिवशी वाचन संपल्यावर ताईनं तिथंच आपला लेख वाचला. परगावाहून आलेल्या बायकांनी तो उतरवून नेला, त्यांच्याकडून आणखी कुणी. पावसाळा सरता सरता हातानं लिहिलेल्या प्रती माझ्याकडे येऊ लागल्या, आणि मी कपाळावर हात मारला. औंढ्याकडच्या प्रतीत गाव वेगळं, हट्ट्याकडच्या प्रतीत आणखी वेगळं. ज्यानं त्यानं आपल्या गावाचं नाव घालून खाली स्वतःची सही ठोकली होती.

मी तणतणत ताईकडे गेलो. "तुमच्या लेखाची पार वाट लावली हो लोकांनी!"

तिनं एकेक प्रत वाचली. डोळे भरून आले तिचे. "मला वाटायचं सर, आमीच एकले तहानलेले."

माझा राग कुठल्या कुठे गेला. आम्ही दोघं तो गठ्ठा घेऊन हिंगोलीला गेलो. मालकांनी सगळ्या प्रती चाळल्या, एकदा फोनकडे पाहिलं. "एका गावाचं असलं की दम देता येतो. एवढ्या गावांना कोण अंगावर घेणार?" मग जरा चाचरत विचारलं, "तरी, एखादं नाव काढायचं का?"

"न्हाई. समदे छापा," ताई म्हणाली. "माझं पहिलं."

त्यांनी चष्मा लावला आणि तिच्या गावाच्या नावाचे शिशाचे अक्षर-खिळे जुळवायला घेतले.